सिलिएट्स: दोन केंद्रकं, सात लिंगं आणि कापून जोडलेला जीनोम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अकरावीच्या पुस्तकात पॅरामेशियम एका आकृतीत आटोपतो. कडेनं पक्ष्माभिका (केसांसारखे बारीक तंतू), आत एक मोठं आणि एक लहान केंद्रक, बाण काढून नावं दिली की गुण खिशात. ती दोन केंद्रकं तिथे का आहेत, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मुंबईतल्या बारावीच्या आणि बीएस्सीच्या मुलांकडून, त्यांच्या शिक्षकांकडून आणि हौशी मंडळींकडून या विषयावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

सिलिएट्स म्हणजे नेमके कोण?

अंगावर पक्ष्माभिका असलेले एकपेशीय जीव. पॅरामेशियम, टेट्राहायमिना, ऑक्सिट्रिका, स्टेंटॉर, व्हॉर्टिसेला ही त्यातली ओळखीची नावं. हे जीवाणू नव्हेत. त्यांच्या पेशीत केंद्रक, तंतुकणिका वगैरे सगळा सरंजाम असतो. मलेरियाचा प्लास्मोडियम वंशावळीत त्यांचा लांबचा भाऊबंद लागतो, आणि हे नातं पुढे कामाला येणार आहे. पॅरामेशियम पाव मिलिमीटरच्या आसपास वाढतो. टेट्राहायमिना त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. पवई तलाव, आरेतली डबकी, खिडकीतल्या मनी प्लांटच्या बाटलीतलं जुनं पाणी, यांपैकी कुठेही सिलिएट्स भेटू शकतात.

एकाच पेशीत दोन प्रकारची केंद्रकं कशाला?

कामाची वाटणी. लहान केंद्रक पुढच्या पिढीसाठी राखलेलं असतं. एरवी त्यातली जनुकं गप्प असतात. खाणं, पोहणं, वाढणं यासाठी लागणारी सगळी प्रथिनं मोठ्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात. आपण घराची मूळ कागदपत्रं लॉकरमध्ये ठेवतो आणि रोजच्या व्यवहाराला झेरॉक्स वापरतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथली झेरॉक्स मुळाबरहुकूम नसते. नको ती पानं काढून, उरलेली जोडून आणि मग तिच्या ढीगभर प्रती काढून ती तयार होते.

टेट्राहायमिना थर्मोफिलाच्या लहान केंद्रकात गुणसूत्रांच्या पाच जोड्या असतात. मोठं केंद्रक घडताना त्यांचे सुमारे १८० तुकडे होतात आणि बहुतेक तुकड्यांच्या साधारण ४५ प्रती निघतात. पॅरामेशियम टेट्राऑरेलियात हा आकडा ८०० प्रतींच्या घरात जातो. पेशी दुभंगते तेव्हा लहान केंद्रक शिस्तीत सूत्री विभाजन करतं. मोठं केंद्रक मात्र नुसतं मधे आवळून दोन होतं, कोणती प्रत कुठे गेली याचा हिशेब ठेवला जात नाही. प्रती मुबलक असल्यामुळे हा ढिसाळपणा खपून जातो.

आपल्या शरीरातही जननपेशी वेगळ्या आणि बाकीच्या पेशी वेगळ्या असतात. सिलिएट्सनी तीच विभागणी एका पेशीच्या आत केली आहे.

मीलनानं संख्या वाढत नाही, मग ते पुनरुत्पादन कसं?

संख्या वाढते ती द्विविभाजनानं, आणि त्यासाठी जोडीदार लागत नाही. संयुग्मनात दोन पेशी एकत्र येतात आणि दोनच वेगळ्या होतात. जनुकांची देवाणघेवाण हा तिथला खरा कार्यक्रम. म्हणून ‘संयुग्मन हा पुनरुत्पादनाचा प्रकार आहे’ असं सरळ लिहिण्यापेक्षा ‘संयुग्मन ही लैंगिक प्रक्रिया आहे, संख्या द्विविभाजनानं वाढते’ असं लिहिलेलं बरं. पेपर तपासणाऱ्यालाही त्यात खोट काढता येणार नाही.

संयुग्मनात क्रमानं काय घडतं आणि कोणती जनुकं लागतात?

सुरुवात उपासमारीनं होते. खाणं भरपूर असेल तर टेट्राहायमिना मीलनाच्या फंदात पडत नाही. अन्न संपलं आणि वेगळ्या लिंगाची पेशी भेटली की दोघी चिकटतात आणि त्यांच्या पटलांत बारीक छिद्रं पडतात. या छिद्रांसाठी हॅप-२ नावाचं प्रथिन लागतं. वनस्पतींपासून मलेरियाच्या परजीवीपर्यंत अनेक जीवांत नर आणि मादी पेशींचं मीलन याच प्रथिनावर अवलंबून असतं. प्लास्मोडियमचं हॅप-२ बंद पाडलं तर डासाच्या पोटात त्याच्या पेशींचं मीलन होत नाही, म्हणून मलेरियाचा प्रसार रोखणाऱ्या लशीसाठी त्याचा विचार होतो आहे. मुंबईच्या पावसाळ्यात राहणाऱ्यानं हे जरूर लक्षात ठेवावं.

मग दोन्ही पेशींतली लहान केंद्रकं अर्धसूत्री विभाजनाला लागतात. आपल्याकडे या विभाजनाआधी डीएनए मुद्दाम तोडणारं स्पो-११ हे जनुक इथेही आहे. ते काम करू लागलं की टेट्राहायमिनाचं लहान केंद्रक ताणून लांबच लांब होतं, पेशीच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट, आणि आत वळून बसतं. स्पो-११ काढून टाकलं तर ते लांबत नाही.

या विभाजनातून चार केंद्रकं निघतात. तीन नष्ट होतात, एक उरतं. ते पुन्हा विभागून दोन होतं. त्यातलं एक घरीच थांबतं, दुसरं छिद्रातून जोडीदाराकडे जातं. दोन्ही बाजूंना घरचं आणि बाहेरचं केंद्रक एकरूप झालं की नवं द्विगुणित केंद्रक तयार. टेट्राहायमिनात ते दोनदा विभागून चार होतात: दोन नवी मोठी केंद्रकं बनतात, दोन लहानच राहतात. पॅरामेशियम कॉडेटमच्या पुस्तकी आकृतीत आठ दिसतात कारण तिथे विभाजनं तीन होतात.

आणि जुनं मोठं केंद्रक? ते आकसतं आणि पचवलं जातं. आतापर्यंत पेशीचा सगळा संसार ज्यानं चालवला, त्याच्यातलं डीएनए पुढच्या पिढीत जात नाही. पण जाण्याआधी ते एक महत्त्वाचं काम करून जातं, त्याबद्दल पुढे आहे. पॅरामेशियममध्ये जुन्या केंद्रकाचे तुकडे काही विभाजनांपर्यंत टिकतात, आणि नवं केंद्रक नीट घडलं नाही तर त्या तुकड्यांतूनच मोठं केंद्रक पुन्हा उभं राहू शकतं.

यांच्यात नर-मादी असतात का? सात लिंगं ही थाप तर नाही?

थाप नाही. टेट्राहायमिना थर्मोफिलात सात लिंगं आहेत आणि त्यांना रोमन आकड्यांनी ओळखतात. त्यांना नर किंवा मादी म्हणण्यात अर्थ नाही, कारण जोडीतल्या दोन्ही पेशी सारख्याच दिसतात आणि दोन्ही देतात तितकंच घेतात. नियम एकच, स्वतःच्या लिंगाशी मीलन नाही. बाकी सहांपैकी कुणीही चालतं. सिलिएट्समध्ये अशी लिंगं असतात हे अमेरिकन शास्त्रज्ञ ट्रेसी सॉनेबॉर्न यांनी १९३७ मध्ये पॅरामेशियममध्ये दाखवलं. तिथे मात्र दोनच आहेत, ‘ओ’ आणि ‘ई’.

टेट्राहायमिनाचं लिंग कोणतं जनुक ठरवतं?

एमटीए आणि एमटीबी ही शेजारी शेजारी असलेली जनुकांची जोडी. हे २०१३ मध्ये उलगडलं. ज्या वाणावर तो अभ्यास झाला त्याच्या लहान केंद्रकात अशा सहा जोड्या रांगेनं बसलेल्या आहेत, पहिलं लिंग सोडून प्रत्येक लिंगाची एक. पण त्या बहुतेक अर्धवट आहेत, म्हणजे लिंगागणिक बदलणारा भाग आहे, पण पटलात रुतणारं टोक पूर्ण नाही. नवं मोठं केंद्रक घडताना यातली एक जोडी निवडली जाते, तिला दोन्ही बाजूंची पूर्ण टोकं जोडली जातात आणि बाकीच्या जोड्या कापून फेकल्या जातात. जी उरली ते त्या पेशीचं लिंग.

ही निवड दैवावर सोडलेली असते. आईबाप कोणत्या लिंगांचे होते याच्याशी तिचा संबंध नाही, एकाच जोडीतून निघालेल्या पेशीही वेगवेगळ्या लिंगांच्या निघू शकतात. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. मीलनाची जनुकं एक प्रकरण आणि जीनोमची फेरजुळणी दुसरं प्रकरण असं शिकवलं जातं. पण कोणाशी मीलन करायचं हे फेरजुळणी ठरवते, आणि फेरजुळणी होते मीलनानंतरच. ही दोन प्रकरणं वेगळी काढताच येत नाहीत.

फेरजुळणीत नक्की किती डीएनए जातं?

टेट्राहायमिनात लहान केंद्रकातल्या डीएनएचा सुमारे एक तृतीयांश भाग. साधारण १२,००० तुकडे कापले जातात आणि जीनोम १५.७ कोटी अक्षरांवरून (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एक घटक) १०.३ कोटींवर येतो. पॅरामेशियम टेट्राऑरेलियात तुकडे सुमारे ४५,००० आहेत, पण बरेचसे चिमुकले, सर्वात छोटे २६ अक्षरांचे. ऑक्सिट्रिकात तर नव्वद टक्क्यांहून जास्त डीएनए फेकलं जातं.

एक फरक शिकवताना हमखास निसटतो. टेट्राहायमिनातले तुकडे बहुतांशी जनुकांच्या बाहेर असतात, त्यामुळे कापताना चार अक्षरं इकडे-तिकडे झाली तरी चालून जातं. पॅरामेशियममध्ये ते जनुकांच्या पोटात बसलेले असतात. तिथे एका अक्षराची चूक झाली तरी पुढचं सगळं वाचन बिघडतं. म्हणून पॅरामेशियमची कापणी अक्षर चुकवत नाही. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना टी-ए ही दोन अक्षरं असतात, आणि कापून जोडल्यावर त्यातली एकच जोडी मागे राहते.

काय ठेवायचं आणि काय कापायचं हे पेशीला कळतं कसं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात सुंदर उत्तरही याचंच.

नुसत्या टी-ए वरून काही ओळखता येणार नाही, जीनोमभर टी-ए विखुरलेले आहेत. पेशी वेगळाच मार्ग काढते. ती नव्या प्रतीची तुलना जुन्याशी करते.

टेट्राहायमिनात ते असं घडतं. अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी एरवी गप्प असलेलं लहान केंद्रक अचानक बोलू लागतं. त्याच्या डीएनएच्या दोन्ही धाग्यांवरून आरएनए बनतो. डीसीएल-१ हे विकर त्याचे २८-२९ अक्षरांचे तुकडे करतं. हे तुकडे ट्वी-१ नावाच्या प्रथिनावर चढतात आणि त्याच्यासोबत जुन्या मोठ्या केंद्रकात जातात. तिथल्या डीएनएशी जे तुकडे जुळतात ते बाद होतात. ज्यांना तिथे जोडच सापडत नाही, म्हणजे जो मजकूर मागच्या पिढीनं कापून टाकला होता, त्याचे तुकडे शिल्लक राहतात. ते आता नव्या मोठ्या केंद्रकात जातात आणि आपल्याशी जुळणारा डीएनए हुडकतात. तिथे ईझेडएल-१ हे विकर हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, मिथाइलच्या खुणा करतं, पीडीडी-१ हे प्रथिन त्या खुणांना धरून बसतं आणि तो भाग घट्ट गुंडाळला जातो. गुंडाळलेलं ते कापायचं.

या आरएनएंना स्कॅन आरएनए म्हणतात. ही कल्पना २००२ मध्ये काझुफुमी मोचिझुकी, मार्टिन गोरोव्स्की आणि सहकाऱ्यांनी मांडली.

थोडक्यात, जुनं केंद्रक मरण्याआधी आपल्या डीएनएचा धागाही पुढे न देता आपली छाननी पुढे देतं. याचा धडधडीत पुरावा आधीच होता. कापला जाणारा एखादा तुकडा जुन्या मोठ्या केंद्रकात मुद्दाम टोचून ठेवला तर मीलनानंतरच्या नव्या केंद्रकात तोच तुकडा न कापता राहतो. पॅरामेशियममध्ये हे १९९५ मध्ये दिसलं, टेट्राहायमिनात १९९६ मध्ये. उलटंही होतं. डी-४८ नावाचा पॅरामेशियमचा एक वाण होता. पेशीच्या पृष्ठभागावरचं ‘ए’ प्रथिन त्याला बनवता येत नसे. लहान केंद्रकात ते जनुक धडधाकट होतं, पण मोठ्या केंद्रकात नव्हतं, आणि म्हणून पुढच्या प्रत्येक पिढीच्या मोठ्या केंद्रकातही ते येत नव्हतं. मेंडेलच्या गणितात हा वारसा बसवता येत नाही.

पॅरामेशियमचं लिंग आईवर जातं ते याच कारणानं का?

हो. ‘ई’ लिंगाला एमटीए नावाचं प्रथिन लागतं (टेट्राहायमिनाच्या एमटीएशी नावापुरतंच साम्य). ‘ओ’ लिंगाच्या पेशींत त्या जनुकाचा चालू करणारा भाग कापून टाकलेला असतो, त्यामुळे प्रथिन बनत नाही. आईच्या, म्हणजे जिच्यात हे नवं केंद्रक घडतं त्या पेशीच्या, जुन्या मोठ्या केंद्रकात तो भाग कापलेला असेल तर स्कॅन आरएनए लेकीतही तो कापायला लावतात. दोन्ही पेशींनी केंद्रकांची अदलाबदल केली आणि लहान केंद्रकं हुबेहूब एकसारखी झाली, तरी ‘ओ’ ची लेक ‘ओ’ आणि ‘ई’ ची लेक ‘ई’ निघते. सॉनेबॉर्न यांच्या काळापासून कोड्यात टाकणाऱ्या या वारशाचा पत्ता २०१४ मध्ये लागला.

प्रत्यक्ष कापण्याचं काम कोण करतं?

माणसाळवलेले चोर, असं म्हणायला हरकत नाही. कोबीवर पडणाऱ्या एका अळीच्या पेशींत पिगीबॅक नावाचं उड्या मारणारं, म्हणजे जीनोममध्ये एका जागेवरून दुसऱ्या जागी घुसणारं, जनुक सापडलं होतं. त्याच्या घराण्यातलं एक विकर सिलिएट्सनी कायमचं नोकरीला ठेवलं आहे. पॅरामेशियममध्ये त्याचं नाव पिगीमॅक, टेट्राहायमिनात टीपीबी-२. कापलेली टोकं जोडायला डीएनए दुरुस्तीची नेहमीची यंत्रणाच येते, म्हणजे कू प्रथिनं आणि लायगेज-४.

गंमत अशी की कापले जाणारे तुकडेही बहुतेक अशाच उड्या मारणाऱ्या जनुकांचे अवशेष आहेत. एवढा उपद्व्याप का, याचं उत्तरही त्यातच येतं. घुसखोर डीएनए लहान केंद्रकात पडून राहिला तरी मोठ्या केंद्रकातून तो दर पिढीला हाकलला जातो, त्यामुळे पेशीच्या रोजच्या कामात त्याचा त्रास नाही.

पिगीमॅक बंद पाडलं तर मीलन होतं, नवी केंद्रकं बनतात, पण त्यातून पुढे जगणारी प्रजा निघत नाही.

ऑक्सिट्रिकाचा एवढा बोलबाला का?

कारण त्याच्या लहान केंद्रकात जनुकांचे तुकडे उलटसुलट क्रमानं पडलेले असतात. डेव्हिड प्रेस्कॉट यांच्या गटानं ऑक्सिट्रिका नोव्हाचं अ‍ॅक्टिन जनुक तपासलं तेव्हा नऊ तुकड्यांचा क्रम ३-४-६-५-७-९-२-१-८ निघाला, त्यातला दुसरा तुकडा तर उलट्या दिशेनं. मोठ्या केंद्रकात हे सगळं १ ते ९ असं ओळीनं लागतं.

ऑक्सिट्रिका ट्रायफॅलॅक्सचा पूर्ण हिशेब २०१३ आणि २०१४ मध्ये हाती आला. सव्वादोन लाखांवर तुकडे जुळून मोठ्या केंद्रकात सुमारे १६,००० चिमुकली गुणसूत्रं तयार होतात. बहुतेकांवर एकच जनुक आणि प्रत्येकाच्या सरासरी १,९०० प्रती. क्रम लावायला नमुना कुठून मिळतो? पुन्हा जुन्या केंद्रकातून. लॉरा लँडवेबर यांच्या प्रयोगशाळेनं २००८ मध्ये दाखवलं की जुन्या गुणसूत्रांवरून आरएनएच्या लांब प्रती निघतात आणि त्यांच्या आधारानं तुकडे ओळीत बसतात. चुकीच्या क्रमाचा आरएनए टोचला तर पेशी तुकडे त्या चुकीच्या क्रमानं लावते.

आणखी एक विरोधाभास: टेट्राहायमिनाचे छोटे आरएनए ‘हे काढा’ सांगतात, ऑक्सिट्रिकाचे ‘हे ठेवा’ सांगतात.

यातून माणसाला काय मिळालं?

नोबेल, दोनदा. गुणसूत्रांचे इतके तुकडे होतात म्हणजे टोकंही तितकीच. त्यामुळे गुणसूत्राच्या टोकाला काय असतं हे शोधायला टेट्राहायमिनासारखी जागा नव्हती. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांना १९७८ मध्ये तिथे सहा अक्षरांची पुनरावृत्ती सापडली. १९८४ च्या नाताळच्या दिवशी कॅरोल ग्रायडर यांना ती टोकं लांबवणाऱ्या विकराची पहिली खूण दिसली, ते टेलोमरेज. ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शॉस्टक यांना २००९ चं नोबेल त्यासाठी मिळालं. त्याआधी १९८२ मध्ये थॉमस चेक यांनी टेट्राहायमिनाचा आरएनए प्रथिनाच्या मदतीशिवाय स्वतःला कापून जोडतो हे दाखवलं होतं. त्यांचं नोबेल १९८९ चं, सिडनी ऑल्टमन यांच्यासोबत.

आपल्या पेशी असं काही करतात का?

एका ठिकाणी, हो. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्या जनुकांचे तुकडे कापून नव्यानं जोडतात, आणि तिथे कापणारी रॅग विकरंही मुळात उड्या मारणाऱ्या जनुकाचीच वंशज आहेत. सिलिएट्स हेच काम अख्ख्या जीनोमवर करतात.

मुंबईत, घरी किंवा कॉलेजात हे पाहता येईल का?

मीलन आणि केंद्रकं पाहता येतील, फेरजुळणी नाही. मूठभर पेंढा किंवा वाळलेलं गवत पाण्यात उकळा, गार करा, त्यात तलावाचं वाटीभर पाणी घाला आणि आठवडाभर सावलीत ठेवा. नळाचं पाणी वापरणार असाल तर ते रात्रभर उघडं ठेवून मग घ्या, क्लोरीन उडून जायला हवा. बरणीला पातळ फडकं बांधाच. पावसाळ्यात महापालिकेची माणसं साठलेलं पाणी बघत फिरतात, आणि डासाच्या अळ्या निघाल्या तर तुमच्या विज्ञानप्रेमाची सबब ते ऐकणार नाहीत.

शंभरपट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. पेशी फार पळत असतील तर स्लाइडवर कापसाचे दोन-चार तंतू टाका. मिथाइल ग्रीन घातलं की मोठं केंद्रक उठून दिसतं. लहान त्याला लगटून असतं आणि चटकन सापडत नाही. मीलन आणि विभाजन यांत गल्लत होते. दोन पेशी लांबीनं, कुशीला कूस लावून चिकटल्या असतील तर मीलन. एकामागे एक, मधे आवळल्यासारख्या असतील तर विभाजन. आठवडाभर पाहूनही जोड्या दिसल्या नाहीत तर नवल नाही. दोन योग्य लिंगं एकाच बरणीत असावी लागतात आणि त्यांना भूक लागलेली असावी लागते.

यावर प्रकल्प करायचा तर खर्चिक प्रयोगशाळा हवी का?

संगणक आणि चिकाटी पुरते. टेट्राहायमिना आणि पॅरामेशियम यांचे दोन्ही केंद्रकांचे जीनोम इंटरनेटवर मोफत आहेत. पॅरामेशियमच्या लहान केंद्रकातलं एखादं जनुक घ्या, मोठ्या केंद्रकातल्या त्याच जनुकाशेजारी ठेवा आणि गाळलेले तुकडे स्वतः शोधा. टोकांचे टी-ए पहिल्याच दिवशी सापडतील. बीएस्सीच्या प्रकल्पाला एवढं भरपूर झालं. शाळेतल्या मुलांनी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आणि चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेकडे लक्ष ठेवावं. जीवशास्त्रात पुढे संशोधन करायचं असेल तर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जीवशास्त्राचा विभाग आहे.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवतो. जनुकाचं प्रथिनात भाषांतर करताना सॉफ्टवेअर नेहमीचा कोड वापरतं, आणि मग जनुकात जागोजागी पूर्णविराम दिसू लागतात. मुलं घाबरून ‘डेटा खराब आहे’ म्हणतात. टेट्राहायमिना, पॅरामेशियम आणि ऑक्सिट्रिका या तिन्ही जीवांत यूएए आणि यूएजी हे पूर्णविराम नसून ग्लुटामीन या अमिनो आम्लाचे संकेत आहेत, थांबण्याचा संकेत फक्त यूजीए. त्यामुळे भाषांतर सुरू करण्याआधी कोडच्या यादीतला सहाव्या क्रमांकाचा, सिलिएट्सचा तक्ता निवडा.